आधी पाहुण्यांची यादी, मग खेळ

वाढदिवसाचं आमंत्रण व्हॉट्सॅपवर संध्याकाळी सहाचं गेलेलं असतं. सोसायटीतली मुलं पावणेसहालाच बेल वाजवतात, मामाकडची मंडळी दुपारपासूनच घरात असतात, आणि शाळेतली मुलं ट्रॅफिकमधून वाट काढत पावणेसात-सातला पोचतात. केक कापायला साडेसात होतात. म्हणजे पहिलं मूल आल्यापासून मेणबत्त्या लागेपर्यंत दीड-पावणेदोन तास जातात आणि वाढदिवस रंगणार की नाही हे याच वेळात ठरतं. सोसायटीतल्यांचा आधीच एक गट असतो, आतेमामे भावंडांचा दुसरा. शाळेतून आलेली दोन-तीन मुलं मात्र उत्सवमूर्ती सोडून कुणालाच ओळखत नसतात, आणि उत्सवमूर्तीला त्या वेळी श्वास घ्यायलाही फुरसत नसते. मग ती मुलं गिफ्टची पिशवी हातात धरून सोफ्याच्या कडेला टेकून उभी राहतात आणि आई न्यायला कधी येणार याचा हिशेब करत बसतात.

सुरुवातीचे ओळखीचे खेळ, ज्यांना हल्ली सगळेच आईसब्रेकर म्हणतात, ते खरं तर या दोन-तीन मुलांसाठी घ्यायचे असतात. बाकीच्यांना खेळ दिला नाही तरी ती दंगा करणारच आहेत. म्हणून इंटरनेटवरची खेळांची यादी उघडण्याआधी पाहुण्यांची यादी समोर घ्या. प्रत्येक मुलाच्या नावापुढे, ते इथे आणखी कुणाकुणाला ओळखतं ते लिहा. ज्याच्यापुढे फक्त आपल्या लेकराचं नाव येईल त्याच्यावर खूण करा. आता खेळ निवडा तो त्या खुणेच्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून. ते उशिरा आलं तर खेळ न थांबवता आत शिरू शकेल का? खेळात कुठे सगळ्यांच्या नजरा त्याच्या एकट्यावर खिळणार आहेत का? आणि एक चूक झाली की ते बाद होऊन पुन्हा त्याच सोफ्याला टेकणार आहे का? एवढं तपासलं की निम्मे खेळ आपोआप गळतात.

सगळ्यात आधी गळते ती संगीत खुर्ची. खेळ म्हणून ती छानच आहे, पण सुरुवातीला अगदी गैरसोयीची. पहिल्या फेरीत बाद कोण होतं ते बघा. जे मूल लहान आहे, धक्का द्यायला बिचकतं, गाणं थांबल्यावर क्षणभर इकडेतिकडे बघतं, तेच. म्हणजे ज्याला खेळाची सर्वांत जास्त गरज होती त्याला आपण पहिल्या मिनिटात बाहेर बसवतो, आणि जी चार धीट मुलं एकमेकांना आधीपासून ओळखतात ती शेवटपर्यंत खेळतात. कॅनडातल्या टेरी ऑर्लिक यांनी १९७८ साली सहकार्याच्या खेळांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात याच खेळाचं बदललेलं रूप आहे. दर फेरीला खुर्ची कमी करायची, मूल मात्र एकही कमी करायचं नाही. उरलेल्या खुर्च्यांवर सगळ्यांनी मिळून कसंबसं मावायचं. आपल्याकडच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर हा प्रयोग करू नका, त्यांचे पाय फाकतात आणि मुलं पडतात. त्याऐवजी जमिनीवर वर्तमानपत्राची पानं पसरा. ती बेटं, खालची फरशी म्हणजे समुद्र. गाणं थांबलं की सगळे बेटांवर. दर वेळी एक पान उचला. शेवटी एकाच पानावर दहा जण एकमेकांचे शर्ट धरून तोल सावरत असतात, आणि ज्याचं नावही माहीत नाही त्याला 'अरे इकडे ये, इथे पाय ठेव' असं ओरडून सांगत असतात. उशिरा आलेल्या मुलाला यात काहीच समजावून सांगावं लागत नाही. हा खेळ साधारण नऊ वर्षांपर्यंतच घ्या. दहा-अकराच्या पुढे मुला-मुलींना एकमेकांना इतकं चिकटून उभं राहणं नको वाटतं, आणि त्यांचं ते वाटणं रास्त आहे.

पण बेटांचा खेळही पहिली सात-आठ मुलं जमल्यावरचा. त्याआधीच्या अर्ध्या तासासाठी दाराशी एखादा हाताला उद्योग ठेवा. या बाबतीत मी फार आग्रही आहे, कारण बहुतेक घरांत नेमका हाच वेळ रिकामा सोडलेला असतो. मोठा पांढरा कागद भिंतीला किंवा फरशीला चिकटवा, शेजारी स्केचपेन आणि स्टिकर ठेवा, आणि येईल त्याने त्यावर काहीतरी काढायचं एवढंच सांगा. पार्किंगमध्ये किंवा गच्चीवर पार्टी असेल तर रंगीत खडू. गेल्या वर्षी आमच्याच इमारतीत एका मुलीला असं रुळताना मी बघितलं. ती आईची ओढणी सोडत नव्हती. घरातल्या आजींनी तिला 'तुझं नाव काय गं' असं विचारलं नाही, खेळायला चल म्हणूनही नाही. त्यांनी तिच्या हातात स्टिकरचा कागद दिला आणि म्हणाल्या, "हे सोलून दे गं मला, माझी नखं लागत नाहीत." ती सोलून देऊ लागली, आजी चिकटवू लागल्या. मग आणखी एक मुलगी आली, तिलाही स्टिकर हवा होता, तर तो हिने सोलून दिला. थोड्या वेळाने आजी उठून स्वयंपाकघरात गेल्या, आणि त्या दोघी कागदावर मासे चिकटवत बसल्या होत्या. ओढणी केव्हा सुटली हे आईच्याही लक्षात आलं नसावं.

मुलांचं हे शेजारीशेजारी बसून आपापलं काम करणं मोठ्यांना खेळ वाटत नाही, पण तो खेळच असतो. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधक बाईंनी लहान मुलांच्या खेळाचं निरीक्षण करून १९३२ साली त्याचे प्रकार मांडले. त्यात एकट्याने खेळणं आहे, शेजारी बसून वेगवेगळं खेळणं आहे, मिळून खेळणं आहे, आणि नुसतं उभं राहून दुसऱ्यांचा खेळ बघणं हाही एक वेगळा प्रकार धरलेला आहे. म्हणून जे मूल बघत उभं आहे त्याला हाताला धरून गोलात ओढू नका. 'अरे लाजतोस काय, मोठा ना तू' असं तर चारचौघांत अजिबात म्हणू नका. त्याला स्पीकरजवळ बसवा आणि गाणं चालू-बंद करायचं काम द्या. सगळा खेळ त्याच्या बोटावर चालतो, पण बघत कुणीच नसतं. दोन-तीन फेऱ्यांनंतर 'आता तू खेळतोस का?' असं एकदाच विचारा. नाही म्हणालं तर नाही.

वयाचा विचार हवाच, पण तो फार बारकाईने करायची गरज नाही. तीन-चार वर्षांच्या मुलांना नियमांचे खेळ देऊच नयेत. त्यांच्या आया तिथेच असतात आणि साबणाचे फुगे, खडू, एक रिकामं खोकं एवढ्यावर ती खूश असतात. पाच ते सात हे वय मात्र आपल्या जुन्या खेळांचं हक्काचं. तळ्यात-मळ्यात, चिमणी उड, टिपी टिपी टॉप, स्टॅच्यू यांतल्या कशालाच सामान लागत नाही, आणि शाळेत किंवा अंगणवाडीत मुलांनी त्यातलं काहीतरी खेळलेलं असतंच. ओळखीची माणसं नसली तरी खेळ ओळखीचा असला की परकेपण बरंच कमी होतं.

या खेळांतला बाद होण्याचा नियम तेवढा काढून टाका. 'शिवाजी म्हणतो' घ्या. एकाऐवजी दोन गोल करा. आज्ञेत चुकलं की या गोलातून त्या गोलात पळायचं, तिथे चुकलं की परत इकडे. कुणी बाहेर बसत नाही, आणि दहा मिनिटांत प्रत्येक मूल प्रत्येकाच्या शेजारी उभं राहून झालेलं असतं. तळ्यात-मळ्यातही असंच, चुकलं की रेघेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभं राहायचं, बस. लहान भावंडं न बोलावता सोबत येतातच, त्यांच्यासाठी आपल्याकडे लिंबूटिंबूची पद्धत आहे. लिंबूटिंबूवर राज्य येत नाही, तो चुकत नाही, पण खेळतो मात्र सगळ्यांबरोबर. माझ्या मते पहिल्या खेळात प्रत्येकच मूल लिंबूटिंबू असावं.

'मामाचं पत्र हरवलं' हा खेळ गोलात बसून होतो, त्यामुळे छोट्या हॉलमध्येही जमतो. पण त्यात एक अडचण आहे. मुलं रुमाल नेहमी आपल्या मित्रामागेच टाकतात आणि अनोळखी मूल शेवटपर्यंत वाट बघत राहतं. त्यावर साधा उपाय म्हणजे एकदा ज्याच्यामागे रुमाल पडला त्याने मांडी घालून बसायचं, बाकीच्यांनी उकिडवं. मग अजून कोण उरलंय ते पळणाऱ्याला आपोआप दिसतं. पहिलं राज्य वाढदिवसाच्या मुलाला द्या, आणि रुमाल कुणामागे टाकायचा हे त्याच्या कानात आधीच सांगून ठेवा.

आठ ते दहा वर्षांच्या मुलांना जरा डोकं चालवायला लागणारं काही हवं असतं. त्यांच्यासाठी माझा आवडता खेळ जोडी शोधण्याचा. पुठ्ठ्याचे तुकडे करून एकावर कुलूप तर दुसऱ्यावर किल्ली, एकावर वडा तर दुसऱ्यावर पाव, सुई आणि दोरा, छत्री आणि पाऊस अशी चित्रं काढा. चित्रंच हवीत, कारण मराठी, सेमी, इंग्रजी अशा सगळ्या माध्यमांची मुलं एकत्र असतात आणि वाचायला अडलं की मूल गप्प होतं. आता युक्ती अशी की सगळ्या जोड्यांचे अर्धे तुकडे एका पिशवीत आणि उरलेले अर्धे दुसऱ्या पिशवीत ठेवायचे. सोसायटीतल्या मुलांना पहिल्या पिशवीतून द्या, शाळेतल्यांना आणि भावंडांना दुसरीतून. म्हणजे कुठलीही जोडी एकाच गटातली होऊच शकत नाही. संख्या बरोबर जुळणार नाही हे गृहीत धरून 'चटणी' लिहिलेले, लाल रंगवलेले चार-पाच तुकडे दाराशी ठेवा. जो उशिरा येईल तो चटणी, तो वडा-पावात सामील. सुई-दोऱ्यात चटणी आली तरी मुलांना त्याचं काही वाटत नाही, उलट हसू फुटतं.

जोडी जमली की त्यांना एक काम द्या, कारण नुसतं 'आता ओळख करून घ्या' म्हटलं की मुलं एकमेकांच्या चपलांकडे बघत उभी राहतात. दोघांनाही न आवडणारी भाजी शोधून काढायला सांगा. आवडीपेक्षा नावडीवर मुलं भरभरून बोलतात. शेपू, कारलं, दुधी असं करत करत एकदा एकमत झालं की त्या भाजीचं नाव सगळ्यांनी मिळून ओरडायचं. इथे प्रत्येकाला 'आम्हाला' असं बोलायचं असतं, त्यामुळे एकट्याने उभं राहून 'माय नेम इज' म्हणण्याचा प्रसंग येत नाही. आणि नावांचं काय? ती शर्टावर स्टिकरने लावा, देवनागरीतही आणि इंग्रजीतही, ठळक. मुलं ती आपसूक वाचतात. नावांसाठी वेगळा खेळ लागत नाही.

पावसाळ्यातला वाढदिवस आणि छोटं घर असेल तर पळापळीचे खेळ विसरा. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये बारा मुलं धावली की काचेचा टीपॉय, खालच्या मजल्यावरचे शेजारी आणि मोजे घालून टाइल्सवर घसरणारी पावलं असे तीन घोर एकदम लागतात. अशा वेळी किमचा खेळ घ्या. रुडयार्ड किपलिंग यांच्या १९०१ सालच्या 'किम' कादंबरीत मुलाची नजर तयार करण्यासाठी हा खेळ खेळवला जातो. पुढे बेडन-पॉवेल यांनी तो स्काउटच्या मुलांसाठी घेतला आणि जगभर नेला. किपलिंग यांचा जन्म १८६५ साली मुंबईतला, त्यामुळे खेळ आपल्यापासून तसा लांबचा नाही. ताटात बारा-पंधरा वस्तू ठेवायच्या. दोऱ्याचं रीळ, कुलूप, बांगडी, शिट्टी, खोडरबर, चमचा, लिंबू, नाणं, कंगवा. मिनिटभर बघू द्यायचं, मग वरून टॉवेल टाकायचा. लिहून काढायला मात्र दोघांत एक कागद आणि एकच पेन्सिल द्या. सगळी करामत त्या एका पेन्सिलीत आहे. एकाला कंगवा आठवतो, दुसऱ्याला लिंबू, डोकी जवळ येतात, कुजबुज सुरू होते. किती आठवलं याचे गुण देऊ नका. नंतर सगळ्यांचं मिळून ताट पूर्ण झालं का एवढंच बघा.

अकरा-बाराच्या मुलांना 'चला, आता आपण खेळ खेळूया' असं सांगितलंत की तुमचा डाव तिथेच फसला. त्यांना काय करायचं ते त्यांच्याकडूनच आठवडाभर आधी विचारून घ्या. तरी सुरुवात जमवायला पाठीवरच्या चिठ्ठीचा खेळ चांगला. प्रत्येकाच्या पाठीवर एकेक नाव चिकटवायचं, फास्टर फेणे, डोरेमॉन, विराट कोहली, रिक्षा, मिसळपाव. ज्याने त्याने हिंडत, हो किंवा नाही अशी उत्तरं येतील असेच प्रश्न विचारून आपण कोण ते ओळखायचं. मुलं उभी असतात, हिंडत असतात, नको वाटलं तर भिंतीशी जाऊन परत येता येतं, म्हणून या वयाला तो सोसतो. नावं मात्र तुम्हीच लिहा. मुलांवर सोपवलंत तर कुणाच्या तरी पाठीवर त्याच्या चिडवण्याचं नाव येतं. याच वयात 'ट्रुथ ऑर डेअर' सुचवलं जातं, ते माझ्या मते पहिल्या तासाला नकोच. जी मुलं एकमेकांना पुरतं ओळखत नाहीत त्यांच्यात कुणाला कोण आवडतं असले प्रश्न निघाले की एखादं मूल घरी जाऊन रात्री रडतं. आंधळी कोशिंबीरही नंतर घ्या. अनोळखी घरात डोळे बांधून घ्यायला सगळ्यांचीच तयारी नसते.

गट पाडावे लागले तर कप्तान नेमून निवड करायला कधीही लावू नका. शेवटी उरणारं मूल कोण असेल ते आपल्याला आधीच माहीत असतं, आणि त्यालाही. मुलं आली की मनगटाला रंगीत रिबन बांधा, लाल आणि पिवळी, आणि ती बांधताना आपली खुणांची यादी आठवा. प्रत्येक गट फुटला पाहिजे. पण जे मूल फक्त वाढदिवसाच्या मुलाला ओळखतं त्याची रिबन वाढदिवसाच्या मुलाच्याच रंगाची हवी. पहिल्या खेळाला बक्षीस नको. बक्षीस आलं की वाद येतो, 'चीटिंग' येतं, आणि नुकतीच जमू लागलेली गट्टी मोडते. रिटर्न गिफ्ट सगळ्यांना सारखं मिळणारच आहे.

हॉल घेऊन अँकर बोलावणार असाल तर पैसे ठरवतानाच त्याच्याशी दोन गोष्टी बोलून घ्या. कुठल्याही मुलाच्या तोंडासमोर माइक धरायचा नाही, आणि पहिल्या दोन खेळांत कुणाला बाद करायचं नाही. बरेच अँकर सवयीने आल्याआल्या 'क्या नाम है आपका, जोर से बोलो' अशी सुरुवात करतात. धीट मुलाला ते आवडतं, पण बुजऱ्या मुलाला स्पीकरमधून आपला बारीक आवाज ऐकू आला की ते पुढचा तासभर कोपरा सोडत नाही. सांगितलं तर चांगले अँकर हे लगेच समजून घेतात.

आमंत्रणाबरोबर पालकांना एक प्रश्न जरूर विचारा, 'आम्ही काय लक्षात ठेवू?' कुणाला मोठा आवाज सोसत नाही, कुणाला ऐकू कमी येतं, कुणाला दमा आहे, कुणी चाकाच्या खुर्चीवर येणार आहे. खेळ त्याप्रमाणे सगळ्यांसाठीच बदला. सगळ्यांनी खाली किंवा खुर्चीवर बसून हवेतला फुगा जमिनीला लागू न देण्याचा खेळ चाकाच्या खुर्चीवरच्या मुलालाही बरोबरीने खेळता येतो. त्याला दर वेळी पंच करून बाजूला बसवणं योग्य नाही. आवाज न सोसणारं मूल असेल तर फुगे फोडण्याची शर्यत रद्द करा. तशीही फुग्यांच्या बाबतीत काळजी हवीच. न फुगवलेले फुगे आणि फुटलेल्या फुग्यांचे तुकडे लहान मुलांच्या घशात अडकून श्वास कोंडू शकतो. अमेरिकेत फुग्यांच्या पाकिटावर आठ वर्षांखालच्या मुलांसाठी तशी ताकीद छापणं कायद्यानेच बंधनकारक आहे. फुगा फुटला की तुकडे लगेच वेचायचं काम एका मोठ्या माणसाकडे सोपवून ठेवा. गच्चीवर खेळ असतील तर कठड्याजवळ एक जण, पार्किंगमध्ये असतील तर गेटपाशी एक जण, आणि वॉचमनला आधी सांगून ठेवा.

उरला वाढदिवसाचा मुलगा किंवा मुलगी. त्या दिवशी आपणच जिंकायचं असं त्यांना मनापासून वाटत असतं, आणि हरल्यावर डोळे भरून येतात. हे टाळायला आदल्या संध्याकाळी घरच्या घरी खेळ एकदा खेळून घ्या आणि त्यांना एक जबाबदारी द्या. नवीन कुणी आलं की दाराशी जायचं, त्याची गिफ्टची पिशवी ठरलेल्या जागी ठेवायची आणि त्याला खेळात आणून सोडायचं. सहा वर्षांचं मूलही हे नीट करतं, फक्त ते आधी सांगितलेलं हवं. ऐन गर्दीत सांगून उपयोग नाही.

खेळ किती ठेवावेत, असं पालक हमखास विचारतात. दाराशी एक उद्योग, मग दोन खेळ, आणि जोडीला एक जास्तीचा हाताशी. लहान मुलांचा एक खेळ पाच-सात मिनिटं, मोठ्यांचा दहा-बारा. खेळ रंगात असतानाच थांबवा, मुलं कंटाळायची वाट बघू नका. आणि मध्येच कधीतरी मुलं तुमचा खेळ सोडून आपलाच काहीतरी खेळ सुरू करतील, पडद्यामागे लपतील, वर्तमानपत्राची विमानं करतील, 'टॅम्प्लीज' म्हणत नियमांवरून भांडतील. अशा वेळी शिट्टी वाजवून त्यांना परत गोलात बोलावू नका. यादीतला खुणेचा मुलगा कुठे आहे तेवढं नजरेने शोधा. तो त्यांच्यात असेल तर तुमचे उरलेले खेळ रद्द करा आणि केक फ्रीजमधून बाहेर काढा.